सँडल घेताना पाय कुठे धरला जातो ते बघा

महाराष्ट्राच्या हवेत रोज पायात घालायला सँडलइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही, असे माझे ठाम मत आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, मुंबईत आणि कोकणात बाराही महिने घाम असतो आणि जूनपासून चार महिने मोजे म्हणून वाळत नाहीत. त्यातून दिवसभरात पादत्राणे कितीदा काढावी लागतात ते आठवा. घराच्या दाराशी, देवळात, शेजाऱ्यांकडे, काही दवाखान्यांच्या बाहेर. प्रत्येक ठिकाणी नाडी सोडायची आणि बांधायची हे आपल्या जगण्याच्या लयीत बसतच नाही. सँडल पटकन निघते, पायाला वारा लागतो, नळाखाली धुता येते आणि बिघडली तर नाक्यावर दुरुस्त होते.

अडचण निवडीची आहे. सँडल या एका नावाखाली रबरी चपलेपासून ट्रेकिंगच्या फ्लोटर्सपर्यंत सगळे विकले जाते, आणि आपण बहुतेक वेळा रंग, किंमत आणि पायावर कशी दिसते एवढे बघून मोकळे होतो. महिन्याभराने टाच दुखायला लागली, बोटांच्या बेचक्यात कातडी सोलली, जिना उतरताना पाय सटकला, की दोष चपलेच्या कंपनीला देतो. बऱ्याचदा जोडी वाईट नसते, चुकीच्या कामाला जुंपलेली असते.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न स्वतःला हा विचारावा: ही जोडी माझा पाय कुठे धरते? धरण्याच्या जागा तीनच. अंगठ्याजवळ, चवड्यावर आणि टाचेमागे. हवाई चप्पल पायाला फक्त अंगठ्याच्या बेचक्यात धरते. टाच मोकळी असल्याने प्रत्येक पाऊल उचलताना चप्पल खाली राहू नये म्हणून पायाची बोटे नकळत आवळली जातात. पंधरा मिनिटांच्या चालण्यात हे जाणवत नाही. तासभर बाजार फिरलात की तळवा आणि नडगीच्या बाजूचे स्नायू बोलू लागतात, पावले आखूड पडायला लागतात आणि पाय घासत चालणे सुरू होते. चवड्यावर रुंद पट्टा असला की बोटांचे हे काम कमी होते. टाचेमागे पट्टा आला की ते जवळजवळ संपते. मग पाय बुटात चालतो तसाच चालतो, फक्त उघडा असतो.

एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी खरेदी सुधारते. घरात, न्हाणीघरात, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत हवाई चप्पल उत्तम. ऑफिसात बसून काम असेल, येण्याजाण्याला वाहन असेल, तर चवड्यावर पट्टा असलेली चालते. पण लोकल पकडायची असेल, दोन मजले चढ-उतार असेल, कडेवर मूल असेल किंवा गिअरची दुचाकी चालवायची असेल, तर टाचेचा पट्टा हवाच. सरकत्या जिन्यावर मऊ रबराच्या चपला आणि क्लॉग्ज कडेच्या फटीत ओढले जाण्याचे प्रकार घडतात, लहान मुलांच्या बाबतीत विशेष. मुलाला मधोमध उभे करावे, पाय पिवळ्या रेघेच्या आत ठेवायला लावावे आणि उतरताना उचलून घ्यावे.

पट्टा कसा बांधला आहे तेही बघावे. वेल्क्रोचा पट्टा सोयीचा, कारण सकाळी आणि संध्याकाळी पायाची जाडी एक नसते. दिवसभर उभे राहून पाय सुजतो, तेव्हा पट्टा सैल करता येतो. पण वेल्क्रोत धागे, केस आणि माती अडकली की पकड जाते. जुन्या टूथब्रशने ते काढले की बऱ्याच अंशी परत येते. बकल टिकाऊ, पण त्याचे भोक तुमच्या पायाला नेमके बसले पाहिजे. दोन भोकांच्या मध्ये तुमचा पाय येत असेल तर दुकानातच आणखी एक भोक पाडून मागा. शिवण कुठे टेकते ते बोट फिरवून तपासा. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला आणि टाचेच्या वरच्या हाडाशी जर जाड शिवण लागत असेल, तर ती जोडी ‘घालून घालून सैल होईल’ या आशेवर घेऊ नका. कातडे सैल होते, नायलॉनची शिवण होत नाही.

आता कोल्हापुरीकडे वळतो, कारण आपल्याकडच्या सँडलांमध्ये हिच्याइतकी विचाराने बनवलेली वस्तू दुसरी नाही आणि हिच्याइतकी चुकीच्या पद्धतीने वापरलेलीही नाही. कोल्हापूरकडे हिला पायताण म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात या धंद्याला मोठे उत्तेजन मिळाले. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी आणि निपाणी भागातले चर्मकार कारागीर या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या बनवत आले आहेत, हे कोल्हापुरी विकत घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडाने याच घडणीची सँडल दाखवली आणि मूळ कारागिरांचा उल्लेख सुरुवातीला केला नाही, म्हणून गदारोळ झाला. नंतर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केले. त्या निमित्ताने अनेकांनी कोल्हापुरी पुन्हा पायात घातली, याचा मला आनंद आहे.

खरी कोल्हापुरी हातात घेतली की तिच्या कडेकडे बघा. तळ एकसंध नसतो. जाड कातड्याचे थर एकावर एक ठेवलेले दिसतात आणि ते कातड्याच्याच बारीक वादीने शिवलेले असतात. पारंपरिक जोडीत खिळा नसतो. तळाला म्हशीचे जाड कातडे, वरच्या वेणीला आणि नक्षीला शेळीचे पातळ, मऊ कातडे वापरण्याची रीत आहे. कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले असते, म्हणून त्याचा रंग मधासारखा तपकिरी येतो आणि वापराने गडद होत जातो. वास घेतला तर ओल्या सालीसारखा, जरा उग्र पण रसायनाचा नसलेला वास येतो. पाण्याचा एक थेंब टाकला तर तो हळूहळू आत शोषला जातो आणि तिथे काळसर डाग उमटतो. रेक्झिनवर थेंब तसाच गोल बसून राहतो. वेण्यांचे आणि टोचून केलेल्या नक्षीचे बरेच काम घरातल्या बायका करतात, आणि हे काम हाताचे असल्याने डाव्या-उजव्या जोडीत केसभर फरक सापडतो. तो दोष समजू नका.

स्वस्तातल्या नकली जोडीत दोन थरांच्या मध्ये पुठ्ठा असतो. वरून अगदी तशीच दिसते. पहिल्या पावसात पुठ्ठा फुगतो आणि तळ पोळीसारखा सुटतो. दुकानात हे ओळखायचे तर जोडी हातात धरून चवड्याच्या जागी वाकवा. कातड्याचा तळ कुरकुरत, ताठपणे, पण गोलाईत वाकतो. पुठ्ठा असलेला एकदम घडी पडल्यासारखा मोडतो आणि घडीच्या जागी वरचा थर सुरकुततो. वजनाचाही अंदाज घ्यावा, अस्सल जोडी दिसते त्यापेक्षा जड लागते. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाने आता क्यूआर कोडची सोय सुरू केली आहे. जोडीवर तो असेल तर स्कॅन करून बघावा. कोल्हापुरात शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनमध्ये गेलात तर घाई करू नका. चार दुकानांत वाकवून, वास घेऊन, कड बघून मगच भावाचे बोला. कारागिराच्या हातचे काम असेल तर फार घासाघीस करू नये, असे मला मनापासून वाटते. दोन-तीन दिवसांची मेहनत एका जोडीच्या मागे असू शकते.

मापाच्या बाबतीत कोल्हापुरी वेगळी वागते. पट्टे आणि अंगठा रुंदीत सैल होतात, तळाची लांबी मात्र बदलत नाही. त्यामुळे चवड्यावर किंचित घट्ट चालेल, पण टाच तळाच्या बाहेर लोंबता कामा नये. ‘एक नंबर लहान घ्या, वाढते’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. टाच बाहेर राहिली की तळाची कड टाचेत रुतते आणि भेगा पडलेल्या असतील तर त्या आणखी फाटतात.

नवी जोडी चावणार, हे गृहीत धरा आणि आठ दिवस तिच्यासाठी द्या. पट्ट्याच्या आतल्या बाजूला आणि अंगठ्याच्या खोबणीत एरंडेलाचा किंवा खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, रात्रभर ठेवा, सकाळी सुती कापडाने पुसा. तळाला तेल लावू नका, तो मऊ पडतो आणि घसरतो. तेलाने रंग थोडा गडद होईल, ते चालते. मग रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास घरातच घाला. ज्या जागी लाल होते तिथे फोड येण्याआधीच वैद्यकीय कागदी पट्टी लावा. लग्नाच्या दिवशी नवीकोरी कोल्हापुरी पहिल्यांदा पायात घालून दिवसभर उभे राहणे हा पायावर अन्याय आहे. मांडवात निम्मे पाहुणे संध्याकाळी अनवाणी दिसतात ते याचमुळे.

पावसात ती घालायची नाही. भिजलीच तर उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, कातडे तडकते आणि आकार वाकडा होतो. फडक्याने टिपून घ्या, आत वर्तमानपत्राचे बोळे ठेवा आणि पंख्याखाली दोन दिवस सावलीत वाळवा. पावसाळाभर ठेवून द्यायची असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. सुती पिशवीत, वारा लागेल अशी ठेवा. पांढरी बुरशी आली तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडून, पुसून, पुन्हा तेलाचा हलका हात द्या.

पावसाळ्यासाठी वेगळी जोडी हवी, आणि इथे तळाचा माल समजून घेतला पाहिजे. दुकानदार तीन-चार नावे सांगतो. ईव्हीए म्हणजे तो हलका, फेसासारखा तळ. पाण्याने बिघडत नाही, पण सतत वापराने दबतो. टाचेची जागा सपाट आणि बाजूला कललेली दिसायला लागली की त्याचे आयुष्य संपले. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवला तर आकसूही शकतो. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, चालायला फार सुखद. त्याचा शत्रू दमटपणा. न वापरता कपाटात ठेवलेली महागडी जोडी दोन-तीन वर्षांनी काढावी आणि चार पावलांत तळाचा भुगा व्हावा, असा अनुभव किनारपट्टीवर पुष्कळांना येतो. हवेतल्या ओलाव्याने तो पदार्थ आतून तुटत जातो. घालत राहिले तर तो जास्त टिकतो, म्हणून पीयूची जोडी ‘चांगल्या दिवसासाठी’ जपून ठेवू नका. रबराचा तळ जड, पण ओल्या फरशीवर आणि शेवाळलेल्या पायरीवर त्याच्याइतकी पकड दुसऱ्याची नाही. पावसाळ्यासाठी मी रबराचा तळ, खोल आणि रुंद खाचा, प्लॅस्टिक किंवा जाळीचे पट्टे आणि टाचेमागे पट्टा एवढ्याच अटी सांगेन. गुळगुळीत तळाची सुंदर सँडल ऑगस्टमध्ये रेल्वेच्या पुलावर हाड मोडून देऊ शकते.

ओल्या बुटात दिवसभर कोंडलेल्या पायाला चिखल्या होतात, बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलते आणि खाज सुटते. उघडी सँडल इथे औषधासारखी आहे. पण घरी आल्यावर पाय धुऊन बेचक्या टॉवेलने नीट कोरड्या करणे तिच्या जोडीला हवे. तुंबलेल्या पाण्यातून चालायची वेळ आली तर मात्र सँडल काहीच संरक्षण देत नाही. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, पायाला साधी चीर असली तरी पुरते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने हे पाहिले. अशा पाण्यातून गेलात तर डॉक्टरांना लगेच विचारा, ताप येण्याची वाट बघू नका. गमबूट असतील तर ते घाला. शेतात, विशेषतः रात्री पाणी द्यायला जाताना, तोच नियम. सापाचा दंश बहुतेक वेळा पायाला होतो. सँडल इथे नको, उंच बूट आणि बॅटरी हवी.

मधुमेह असलेल्यांनी पुढचा भाग लक्ष देऊन वाचावा. पायाची संवेदना कमी झाली की खडा टोचलेला कळत नाही, चप्पल निसटून पडलेलीही कळत नाही. माणूस एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी असा घरी येतो. अशा पायाला अंगठ्याची चप्पल नकोच, कारण बेचक्यात घासून झालेली जखम दिसतही नाही. टाचेमागे पट्टा, चवड्यावर रुंद वेल्क्रो, आत मऊ आणि खाली कडक असा दुहेरी तळ, आणि कुठेही खिळा नाही, अशी जोडी घ्यावी. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी जे काम केले, त्यातून मायक्रोसेल्युलर रबराची पादत्राणे आपल्याकडे रूढ झाली. दवाखान्यांत त्याला एमसीआर म्हणतात. ते रबर पायाचा दाब एका जागी साठू देत नाही. साध्या दिसणाऱ्या या चपला घालायला काहींना संकोच वाटतो. संकोच बाजूला ठेवा. पाय वाचवण्याचे इतके स्वस्त साधन दुसरे नाही. रोज घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा वर आलेली शिवण तपासा, रात्री तळवे आरशात बघा, आणि उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नका. जाड सुती मोजे घालून जाता येते.

सकाळी उठल्यावर पहिले पाऊल टेकताना टाचेत कळ येते अशांना सपाट तळ सोसत नाही, मग ती कोल्हापुरी असो की हवाई. त्यांनी टाच चवड्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर उंच, आत तळव्याच्या कमानीला आधार असलेली सँडल घरातसुद्धा घालावी. कुठलीही सँडल दोन्ही हातांत धरून वाकवा: ती बोटांच्या मुळाशी वाकली पाहिजे. मधोमध दुमडत असेल किंवा कपडा पिळावा तशी पिळली जात असेल, तर तिच्यात आधार नाही.

माप संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा सर्वांत मोठा असतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटाशी खूण करा. अनेकांचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते, ते मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो खरा. आपल्याकडचे ६, ७, ८ हे नंबर ब्रिटिश पद्धतीचे, त्यात एका नंबरचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर. ३९, ४०, ४१ हे युरोपीय, तिथे फरक पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. म्हणून ऑनलाइन घेताना नंबरावर विसंबू नका, सेंटीमीटरचा तक्ता बघा. सँडलमध्ये पुढे बोटांच्या पलीकडे अर्धा सेंटीमीटर आणि मागे टाचेच्या पलीकडे थोडी कड दिसली पाहिजे. वाढत्या मुलाला दोन नंबर मोठी सँडल घेऊन देण्याची सवय सोडा. ती पायात घोळते आणि मूल बोटे आवळून चालायला शिकते.

लांब चालायचे असेल, वारीला किंवा प्रदक्षिणेला, तर नवी जोडी नकोच. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, निम्मी वाट ओल्या डांबरावर. महिनाभर आधीपासून रोज घातलेली, टाचेचा पट्टा असलेली, लवकर वाळणारी सँडल आणि सोबत एक हवाई चप्पल, एवढे पुरे. वाटेत चपला मोफत शिवून देण्याची सेवा करणारे कारागीर भेटतात, पण पट्टा तुटेल तेव्हा ते जवळ असतीलच असे नाही. पिशवीत दाभण, जाड नायलॉनचा दोरा आणि दोन मोठ्या सेफ्टी पिना ठेवा.

दुरुस्तीचे शेवटचे. अंगठा उसवला, वादी तुटली, टाचेचा कोपरा झिजला, शिवण सुटली, ही सगळी कामे आरी-रापी घेऊन बसलेला मोची थोड्या पैशांत करून देतो, आणि ती वेळेवर केली तर जोडीचे आयुष्य दुप्पट होते. टाच बाहेरच्या बाजूने झिजायला लागताच तिथे रबराचा तुकडा लावून घ्या. झीज तळाच्या आतल्या थरापर्यंत गेली की चाल वाकडी होते आणि गुडघा दुखतो. नुसते चिकटवून देतो म्हणाले तर टाकेही मारून मागा, पावसात डिंक सुटतो. कोल्हापुरीला खिळा मारू देऊ नका, वादीनेच शिवून घ्या. ईव्हीएचा तळ दबला किंवा पीयूचा तळ भुगा झाला तर त्यावर इलाज नाही. वरचे पट्टे चांगल्या कातड्याचे असतील तरच नवा रबरी तळ बसवून घेणे परवडते, नाहीतर ती जोडी टाकून द्यावी.